पहिला रहिवासी

"आई, हे पहिले, तर यांच्या आधी इथे कोणीच नव्हतं?" लेकीने विचारलं आणि माझी बोलतीच बंद झाली.

ओहायोतली जुनी दफनभूमी. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढून पुढे इथे वस्ती केलेल्या एका शिपायाच्या थडग्यावर आज 'पहिला रहिवासी' असं कोरलेला नवा दगड बसवला. जुना दगड तसाच शेजारी ठेवलाय, हे मला फार आवडलं. अक्षरं इतकी झिजलीत की डोळ्यांनी नाही, बोटांनी वाचावी लागतात. लेक तेच करत होती.

भाषणात त्याच्या शंभर एकरांचा उल्लेख झाला. साध्या शिपायाला काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या तेव्हाच्या संसदेने, तेवढीच जमीन कबूल केली होती. पण ती द्यायला ओहायोत मोठा पट्टा राखून ठेवला 1796 मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी, 1795 ला, ग्रीनव्हिलच्या तहात शॉनी, लेनापे, वायंडॉट अशा इथल्या अनेक मूळनिवासी जमातींना इथली बहुतेक जमीन सोडावी लागली होती. हे मात्र भाषणात नव्हतं.

त्या म्हाताऱ्यावर माझा राग नाही. लढला, कष्टला, त्याचा मान व्हायलाच हवा. (बायकोचं नाव दगडाच्या पार तळाशी, गवतात. असो.)

पण 'पहिला' हा शब्द नव्या दगडावर चांगला खोल कोरलाय. लेकीला काय सांगू?