लेड-फ्रीने पर्यावरण वाचलं का? तुम्ही विचारलंत म्हणून

"तुमच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे आता सगळं लेड-फ्री, बिनशिशाचं सोल्डर ना, मग पर्यावरणाचं टेन्शन मिटलं की!" हे मला लग्नात भेटलेले लोक ऐकवतात, इंटरव्ह्यूला आलेली पोरं ऐकवतात, आणि घरी टेबलावर ६३/३७ ची, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेल्या सोल्डरची रीळ दिसली की लगेच, मग हे काय? एकदाच लिहून टाकतो. सोल्डर म्हणजे सर्किट बोर्डावर पार्ट जोडायला वितळवतात तो धातू.

शिसं वाईटच. दिल्लीत सीलमपूरला जुने बोर्ड तापवून पार्ट सुटे करतात, तिथे आसपास पोरं खेळत असतात, त्यांच्यासाठी शिसं जायलाच हवं होतं. युरोपने इलेक्ट्रॉनिक्समध्ये ते १ जुलै २००६ पासून बंद केलं, आपल्याकडे २०११ च्या ई-कचरा नियमांत तीच ०.१ टक्क्याची मर्यादा आली, ठीकच. पण त्या जागी काय आलं हे कुणी विचारत नाही. एसएसी ३०५ हे नेहमीचं लेड-फ्री सोल्डर, म्हणजे ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी, बाकी तांबं. किलोमागे ३० ग्रॅम चांदी, आणि ती बहुतेक खाणीतूनच येते. कथलासाठी इंडोनेशियात बांका बेटाभोवतीचा समुद्रतळ उपसतात. शिवाय आधीचं १८३ डिग्रीला वितळायचं, हे २१७ च्या पुढे, म्हणजे ओव्हन जास्त तापवा, वीज जास्त, वेव्ह मशीनमध्ये, म्हणजे वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवर, ड्रॉसही (वर जमणारी मळी) जास्त. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने, २००५ मध्ये जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशोब मांडला होता, त्यात माणसाच्या आणि पाण्यातल्या जिवांच्या विषबाधेत शिशाचं सोल्डर फार वाईट, पण बाकी बऱ्याच रकान्यांत चांदीवालं मागे पडलं.

आता भोसरीचं सांगतो, कारण माझं डोकं तिथेच अडकलंय. युरोपला जाणारा कंट्रोलर बोर्डांचा लॉट, टेस्टिंग ओके, पॅकिंग झालेलं. कस्टमरच्या माणसाने एका कनेक्टरच्या पिनवर एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं हातातलं यंत्र) धरली आणि शिसं दाखवलं. टच-अपला, म्हणजे जॉइंट हाताने नीट करायला, ६३/३७ ची वायर गेली होती, स्टोअरमधून कशी निघाली ते शेवटपर्यंत कळलं नाही. नियम असा की ०.१ टक्का अख्ख्या बोर्डावर नाही, त्या जॉइंटवर मोजायचा, म्हणजे बोर्डात कणभर शिसं असलं तरी तो जॉइंट मर्यादेच्या कितीतरी वर जाणार. कुठल्या बोर्डाला टच-अप झाला याचा रेकॉर्ड धड नव्हता, म्हणून सगळा लॉट संशयित. मी म्हटलं एकेक तपासतो, काढून साफ करून परत लावतो. नाही म्हणाले, श्रेडर. रिसायकलरकडे सही करायला मलाच पाठवलं. चालू बोर्ड, त्यावरचे रिले, ट्रान्सफॉर्मर, सगळं कन्व्हेयरवरून आत, क्यूसीचा हिरवा स्टिकरसुद्धा तसाच. आणि टच-अपच्या ताईंना कॉन्ट्रॅक्टरने दुसऱ्या दिवसापासून येऊ नका सांगितलं, हातात दिली ती वायर त्यांनी वापरली, एवढाच त्यांचा गुन्हा.

त्याआधी मीच ट्रेनिंगमध्ये "शिसं गेलं, निसर्ग वाचला" अशी स्लाइड दाखवायचो. तो स्लाइडवाला मी आज म्हणेल, एका लॉटवरून कायदा चुकीचा ठरवतोस काय? नाही रे बाबा, ठरवत नाही. तो म्हणेल, ताईंच्या हाताला लागून डब्यातून पोटात जाणारं शिसं थांबलं ना? थांबलं. पण धूर फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट बसावं म्हणून त्यात घातलेल्या राळेचा असतो, राळेने दमा लागतो तो लेड-फ्रीतही लागतो, आणि एक्झॉस्ट बंद पडला तर आठवडाभर कुणी बघत नाही, त्याला कुठली गन लावणार? यावर त्याच्याकडे उत्तर नाही, पण सीलमपूरच्या पोरांचं नाव त्याने काढलं की माझ्याकडेही नसतं.

राहिली घरची रीळ. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचे जॉइंट मुळात शिशाचे, त्यावर एसएसी कशाला मिसळू? दुरुस्त होऊन तो आणखी काही वर्षं वाजला तर भंगारात तेवढा उशिरा जाईल. हात साबणाने धुतो, मुलीला टेबलाजवळ येऊ देत नाही. आता "बघा, तुम्हालाच भीती वाटते" म्हणणार असाल तर हो, वाटते.