नोंदवहीत नसलेला बाप्तिस्मा

मी वसईतील एका धर्मग्रामाचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील कॅथलिक समाजाचा, प्रमुख धर्मगुरू आहे. २०२३ मध्ये ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळात, तो ज्या दिवशी सुरू होतो त्या राखेच्या बुधवारानंतरच्या आठवड्यात, मिरा रोडला राहणारा एक तरुण सकाळच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या रोजच्या उपासनेनंतर, कार्यालयात आला. मे महिन्यात त्याचे लग्न ठरले होते. ते मुलीच्या मुंबईतील चर्चमध्ये लागणार होते आणि तिथल्या फादरांनी त्याच्याकडे बाप्तिस्म्याचा नवा दाखला मागितला होता. त्याचा जन्म १९९२ साली आमच्या हद्दीतील एका प्रसूतिगृहात झाला होता. ते प्रसूतिगृह केव्हाच बंद पडले आहे. बाप्तिस्माही तिथेच झाला, असे वडील त्याला लहानपणापासून सांगत आले होते.

पुढे जे घडले ते मी त्याच्या आणि त्याच्या मावशीच्या परवानगीने लिहीत आहे. त्यातले काहीही पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूपुढे गुप्तपणे पापे कबूल करताना, सांगितलेले नाही, नाहीतर माझ्या लेखणीतून एक अक्षरही उतरले नसते.

नवा दाखला कशाला हवा, असा प्रश्न लग्नाच्या तयारीत असलेली मुले नेहमी विचारतात, कारण आईने जपून ठेवलेला जुना दाखला घरात असतोच. पण चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समास सोडलेला असतो आणि दृढीकरण (बाप्तिस्म्यातील श्रद्धा पक्की करणारा संस्कार), विवाह, गुरुदीक्षा (धर्मगुरूपदाची दीक्षा) यांची नोंद पुढे आयुष्यभर त्या समासात होत जाते. माणूस कुठेही लग्न करो, तिथला धर्मगुरू त्याच्या बाप्तिस्म्याच्या चर्चला कळवतो. त्यामुळे गेल्या सहा महिन्यांत काढलेला दाखला पाहिला की हा माणूस विवाहाला मोकळा आहे की नाही, हे समजते. अशा वह्या ठेवण्याचा दंडक ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे चर्चच्या बिशपांच्या सभेने, १५६३ मध्ये घातला, आणि विवाहाची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत करण्याची सक्ती १९०८ पासून आहे.

मी १९९२ ची वही काढली. नाव सापडले नाही. आडनावाचे स्पेलिंग आमच्याकडे एकाच घरात दोन प्रकारे लिहिले जाते, म्हणून सूची बाजूला ठेवून पानन् पान वाचले. मग १९९१ ते १९९५ पर्यंतच्या सगळ्या नोंदी वाचल्या, शेजारच्या धर्मग्रामांना फोन केले आणि त्याच्या वडिलांच्या मूळ गावच्या चर्चलाही विचारले. कुठेही काही नव्हते. त्याचे पहिले ख्रिस्तशरीर, म्हणजे पहिले कम्युनियन, जे बाप्तिस्म्यानंतरच घेता येते, आणि दृढीकरण एका वसतिगृहात असताना झाले होते. तिथे अर्जावरच्या ‘बाप्तिस्मा झाला आहे’ या ओळीवर विश्वास ठेवून कोणी दाखला मागितलाच नव्हता.

खरे सांगायचे तर तोवर हे काम मला कारकुनीच वाटत होते. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाच्या संस्थेत, असताना मी शुभवर्तमान शिकवण्याची स्वप्ने पाहिली होती. वह्या, शिक्के आणि पावत्या हा त्या सेवेला जडलेला भार आहे, असेच मी मानत आलो होतो. म्हणून दहा-बारा दिवसांनी मी सोपा मार्ग सुचवला. कसून चौकशी करूनही शंका उरली, तर सशर्त बाप्तिस्मा देता येतो, त्यात ‘तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर’ असे म्हणून पाणी ओततात. अर्ध्या तासाचे काम होते. मी हे समजावून सांगितले तेव्हा तो बराच वेळ टेबलाकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, “म्हणजे फादर, इतकी वर्षे मी कम्युनियन घेत आलो, ते काय होते?”

देव संस्कारांनी बांधलेला नाही, तो आपल्या कृपेने त्याच्यापर्यंत कधीच पोहोचलेला आहे, असे उत्तर मी दिले. ते चुकीचे नव्हते. पण त्याला हवे होते ते माझ्या उत्तरात नव्हते, आणि ते आम्हा दोघांनाही कळले. बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच होतो, तो पुसला जात नाही आणि पुन्हा देताही येत नाही, हे मी दर वर्षी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो. मग तो खरोखर झाला असेल, तर घाईपायी त्यावर शंकेचा शिक्का मारण्याचा मला काय अधिकार होता? मी त्याला विचारले, “आईच्या माहेरचे कोणी हयात आहे का?” आई तो दोन वर्षांचा असताना वारली होती. पण तिची धाकटी बहीण आमच्याच धर्मग्रामात राहते, असे तो म्हणाला. नाव ऐकले आणि मी थक्क झालो. या मावशी रोज सकाळी मिस्साला येतात आणि दाराजवळच्या बाकावर बसतात. मी त्यांना रोज पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि आधी दार लावून घ्या म्हणाल्या. १९९२ साली त्या त्याच प्रसूतिगृहात आया होत्या. पावसाळ्यातली रात्र होती, वीज गेली होती, डॉक्टर घरी गेले होते आणि तासाभरापूर्वी जन्मलेले बाळ निळे पडू लागले होते. बहीण ग्लानीत होती. धर्मशिक्षणाच्या वर्गात एका वृद्ध फादरांनी शिकवलेले त्यांना आठवले. जीव जात असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. त्यांनी बाळाच्या तोंडात घालण्यासाठी उकळून गार केलेले पाणी घेतले. सकाळपर्यंत बाळाचा रंग परत आला. बहिणीने नवऱ्याला एवढेच सांगितले की बाप्तिस्मा दवाखान्यात झाला, आणि त्याने तो फादरांनीच दिला असे गृहीत धरले. पुढे मावशींच्या मनात भीती बसली की आपण बाईमाणसाने धर्मगुरूचे काम केले, कळले तर रागावतील. म्हणून ३१ वर्षे त्या गप्प राहिल्या.

मी त्यांना नेमके काय केले ते दाखवायला सांगितले. टेबलावर माझा पाण्याचा पेला होता. त्यांनी डावा हात कोपरात वाकवून बाळाचे डोके धरल्यासारखा केला, उजव्या हाताची ओंजळ पाण्यात बुडवली आणि त्या रिकाम्या कोपरावर तीनदा पाणी सोडले. “मी तुला पित्याच्या, आणि पुत्राच्या, आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.” प्रत्येक नावाला एकदा. पदराची कड भिजली तरी त्यांचे लक्ष नव्हते. मी ‘मी’ या शब्दासाठी कान टवकारून बसलो होतो, कारण ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असे म्हटले असेल तर तो बाप्तिस्मा वैध नाही, हे व्हॅटिकनने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. त्या अंधाऱ्या रात्री, घाबरलेल्या अवस्थेत, या बाईने एक शब्दही चुकवला नव्हता.

चर्चच्या १९८३ च्या कायद्यातील ८७६ वे कलम मी सेमिनरीत परीक्षेपुरते पाठ केले होते. कोणाच्या हक्काला बाध येत नसेल, तर बाप्तिस्मा झाल्याचे सिद्ध करायला एकाच निःसंशय विश्वासार्ह साक्षीदाराचे निवेदन पुरते, असे ते सांगते. इतक्या काटेकोर संस्थेने इतक्या मोठ्या गोष्टीसाठी एका माणसाच्या शब्दावर विसंबायचे ठरवले आहे, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट समजले. मी त्यांचे निवेदन लिहून घेतले, त्यांनी शपथेवर सही केली, आणि ते धर्मप्रांताच्या कार्यालयात पाठवून नोंद करण्याविषयी मार्गदर्शन मागितले. होकार पवित्र आठवड्याच्या आधी आला.

त्या वर्षी ९ एप्रिलला ईस्टर होता. प्रवचनात मी लूकच्या शुभवर्तमानातील त्या स्त्रियांविषयी बोललो, ज्या येशूच्या रिकाम्या कबरीकडून परत आल्या आणि ज्यांचे बोलणे प्रेषितांना, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांना, बरळणे वाटले. हा उतारा मी अनेकदा समजावून सांगितला होता आणि दर वेळी स्वतःला नकळत स्त्रियांच्या बाजूला उभे केले होते. या वेळी मात्र मी प्रेषितांच्या बाजूला उभा राहून बोललो. मावशींची गोष्ट मी सांगितली नाही. त्या आपल्या नेहमीच्या बाकावर होत्या.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात मी नोंद केली. मावशींना ती पाहायची होती. वही त्यांच्यापुढे ठेवली. बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत प्रत्येक नावाआधी ‘फादर’ लिहिलेले होते, आणि शेवटच्या ओळीत फक्त त्यांचे नाव होते. त्यांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचले आणि विचारले, “फादर, हे असेच राहणार?” मी म्हणालो, “हो मावशी, असेच राहणार.” त्याच दुपारी मी दाखला लिहून त्या मुलाला दिला.

जूनमध्ये मुंबईच्या चर्चकडून विवाह झाल्याचे पत्र आले. मी मावशींना बोलावून घेतले आणि त्यांच्यासमोर त्या ओळीशेजारच्या समासात लग्नाची तारीख आणि चर्चचे नाव लिहिले.