तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्यांच्या गेमची टर का उडवतो

"इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गेमची टर उडवतोयस, स्वतःचं काही का नाही बनवत?" भेटेल तो हेच विचारतो. अहो, बनवतोच आहे, टर उडवणारे गेमच. पात्रं उसनी, म्हणून विकता येत नाही, एवढंच. चित्रं, संवाद, कोडी माझीच. अॅडव्हेंचर गेम स्टुडिओ हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, बाकी सगळी रात्रीची मेहनत.

आणि टर उडवतो ती प्रेमापोटी. १९९१च्या 'मंकी आयलंड २' या कोडी सोडवत पुढे जायच्या कॉम्प्युटर गेममध्ये धबधब्याचा पंप बंद करायला पाना म्हणून चक्क माकड वापरावं लागतं. का, तर एका पान्याला इंग्रजीत 'मंकी रेंच' म्हणतात. शब्द ठाऊक नसेल तर बसा डोकं खाजवत. मी कित्येक दिवस अडकलो होतो. उत्तर कळल्यावर आधी चिडलो, मग हसू आवरेना. ते हसू मला मराठीत आणायचं होतं.

माझ्या गेममध्ये पहारेकरी दरडावतो, "बारा वाजेपर्यंत वेळ मोजा!" उत्तर: भिंतीवरच्या घड्याळाला मोजा घालायचा. सुचलं तेव्हा केवढा खूश झालो होतो! मावसबहिणीला खेळायला बसवलं आणि शेजारी गप्प बसून राहिलो. पाऊण तास. तिने घड्याळाला शिडी लावून पाहिली, दोरी बांधून पाहिली, तेलाची बाटली रिकामी केली. मोजा पहिल्या पाच मिनिटांतच तिच्याकडे आला होता. शेवटी मीच उत्तर सांगितलं. ती हसली नाही. तिने माउस त्या वस्तूवर नेला आणि मला नाव वाचायला लावलं. 'पायमोजा'. मीच लिहिलेलं. "दादा, विनोद तुझा, वेळ माझा," म्हणाली आणि उठून गेली.

ते वाक्य फार लागलं. त्याच रात्री नाव बदलून 'मोजा' केलं. घड्याळावर क्लिक केलं की नायक आता म्हणतो, "काटे पार गारठलेत." नंतरच्या मित्राने दोन मिनिटांत सोडवलं, हसलाही. पण माकड कळल्यावर मी जसा हसलो होतो, तसा नाही.

तेव्हाचा मी आजही वाद घालतो: अडकवणाऱ्या कोड्याचं विडंबन अडकवणारच. मी म्हणतो, वेडेपणालाही आतून तर्क हवा, नाहीतर तो खेळणाऱ्यावर अन्याय. मग ते कित्येक दिवस आठवतात आणि माझाच आवाज खाली येतो.

नव्या गेममध्ये पुन्हा असंच एक कोडं आहे. वस्तूचं नाव तीनदा बदललंय, अजून ठरत नाही.