घोड्याच्या मानेचा सांधा निखळतो तेव्हा

घोड्याच्या मानेत 7 मणके असतात. त्यांपैकी पहिल्या दोघांमधला सांधा निखळणे ही मला विशेष धास्तीची दुखापत वाटते, कारण त्यांच्या पोकळीतूनच मज्जारज्जू जातो. घोडा मानेवर आपटला की हे घडू शकते. शिंगरांत दुसऱ्या मणक्याचा दातासारखा सुळका मोडूनही सांधा सरकतो, आणि अरबी जातीच्या काही शिंगरांत हा भाग जन्मतःच सदोष असतो.

असा घोडा मान ताठ, पुढे ताणून धरतो, आणि लहान वर्तुळात वळवला तर त्याचे मागचे पाय एकमेकांत अडखळतात. अशा वेळी मान ओढून ‘बसवण्याचा’ प्रयत्न कृपा करून कोणीही करू नये. हाड जरा जरी चुकीच्या दिशेने सरकले, तरी चालता घोडा कायमचा आडवा होऊ शकतो. आधी एक्स-रे हवाच.

सांधा थोडाच सरकला असेल आणि चाल बरी असेल, तर ठाणबंद विश्रांती, सूज उतरवणारी औषधे आणि मान वाकवावी लागणार नाही अशा उंचीवर ठेवलेले वैरण-पाणी यांवर भागू शकते. एरवी पूर्ण भूल देऊन सांधा जागेवर आणतात, किंवा शस्त्रक्रियेने मणके स्थिर करतात अथवा मज्जारज्जूवरचा दाब काढतात. भूल उतरताना उठण्यासाठी होणारी घोड्याची धडपड हा यातला मोठा धोका आहे, म्हणून त्या वेळी त्याला आधार द्यावा लागतो. पुढे तोल सावरायला कित्येक महिने लागू शकतात. डॉक्टरांनी तपासून परवानगी देईपर्यंत त्याच्यावर खोगीर चढवू नये.