तुम्ही विचारलेत म्हणून: पहिल्याच वर्षी वसतिगृह का बदलले

मुलीला नुकताच प्रवेश मिळालेल्या ओळखीच्या प्रत्येक घरातून मला हाच प्रश्न येतो: पहिल्याच वर्षी, तेही सत्र अर्ध्यावर असताना, तू वसतिगृह का बदललेस, आणि आमच्या मुलीने बदलावे का? तुम्ही विचारलेत म्हणून या वेळी नीट लिहिते, कारण आजवर देत आलेले उत्तर खोटे नसले तरी अपुरे आहे.

ते उत्तर म्हणजे भिंत. जुन्या इमारतीत तळमजल्यावर माझी खोली होती. बांधकाम चिऱ्याचे, चिरा पाणी ओढून घेतो, आणि गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा गिलावा सुटला की ओल आत येणारच. जुलै संपेपर्यंत माझ्या कॉटलगतच्या भिंतीचे पोपडे उशीवर पडू लागले, ट्रंकेतल्या पुस्तकांच्या कडांवर हिरवट बुरशी धरली आणि रात्री मला धाप लागू लागली. रॅगिंग झाले का, असेही काहीजण आवाज खाली आणून विचारतात. झाले नाही. 2009 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी आणि पालक दोघांनाही त्याविषयीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, ते आम्हीही दिले होते. वरच्या वर्गातल्या मुली उलट पहिल्या दिवसापासून मदतच करत.

पण ओल माझ्या एकटीच्या वाट्याला आलेली नव्हती. माझ्यासोबत काणकोणची एक मुलगी राहत होती, तिच्याकडची भिंतही तशीच भिजलेली. तिने अर्ज केला नाही. ती रोज रात्री दिवा मालवल्यावर रडायची. आवाज बाहेर पडू नये म्हणून चादरीचे टोक तोंडात धरायची, तरी तिची कॉट हलायची ती मला कळायची. मी सत्तरी तालुक्यातली; घर तिच्याइतके दूर नव्हते, तरी मलाही पहाटे उठून वाळपईची बस धरावीशी वाटे. तिचे रडणे ऐकत राहिले तर एक दिवस मी खरोखरच ती बस धरीन, या भीतीने मी तिला एकदाही काय झाले म्हणून विचारले नाही. अर्ज लिहिला तो या भीतीपोटी. कारणाच्या रकान्यात 'ओल व श्वासाचा त्रास' असे लिहिले, बाबांची सही घेतली आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गावी गेले. तिला सांगितले नाही.

चवथीनंतर मी एक दिवस आधी परतले, ती येण्यापूर्वी सामान हलवावे या हिशेबाने. हे लिहायला जड जाते, पण तसेच होते. गादी गुंडाळून सुंभाने बांधत असताना ती दारात आली. खांद्यावरची पिशवी न उतरवताच तिने स्टीलचा डबा काढून माझ्या रिकाम्या कॉटवर ठेवला आणि झाकण उघडले. आत नेवऱ्या, म्हणजे करंज्या, होत्या, कागदावर ओळीने रचलेल्या, एकही मोडलेली नव्हती. पावसात, गर्दीच्या बसमधून तिने तो डबा मांडीवर धरून आणला असणार. मग तिने गादीकडे पाहिले आणि म्हणाली, "तुवें म्हाका सांगूंक ना." मी भिंतीकडे बोट दाखवले. तिनेही भिंतीकडे पाहिले, मान हलवली आणि मी गाठ मारेपर्यंत सुंभाचे दुसरे टोक ओढून धरले.

नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ऊन येई. धाप थांबली, झोप लागू लागली, पहिल्या सत्रात मी सर्व विषयांत उत्तीर्ण झाले. त्यामुळे निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही; अठरा वर्षांच्या मुलीने आधी स्वतःला सावरावे यात गैर काय, हे मी आजही भांडून सांगेन. मात्र नाताळच्या सुट्टीनंतर ती परत आली नाही. घराजवळच्या महाविद्यालयात तिने नाव घातल्याचे कळले. मी राहिले असते तर ती राहिली असती का? राहिले असते तर दोघीही घरी गेलो असतो, असे तेव्हाची मी ठामपणे म्हणे. आज मला तेवढी खात्री नाही, पण माझे तेव्हाचे म्हणणे खोडून काढायलाही माझ्याजवळ काही नाही.

गेल्या आठवड्यात मावशीने लेकीसाठी फोन केला. अर्ज वॉर्डनकडे द्यावा, पालकांची सही लागते, डिपॉझिट नव्या खोलीवर वळते करून घ्यावे, एवढे सांगून झाले. "पण तू का बदललेस गो?" असे तिने शेवटी विचारले, तेव्हाही मी भिंतीचेच सांगितले.