डार्बीत राहून डर्बी

इंग्लंडमधल्या Derby या शहराला इथले लोक 'डार्बी' म्हणतात. स्पेलिंगमध्ये 'ई' असला तरी तोंडात 'आ' येतो. आपल्याला त्याचं नवल वाटायला नको, कारण 'क्लार्क' म्हणताना आपणही तेच करतो. अमेरिकन माणूस मात्र क्लर्क म्हणतो आणि केंटकीच्या घोड्यांच्या रेसलाही डर्बीच म्हणतो. म्हणजे आपण मराठीत कचेरीतला क्लार्क इंग्लंडहून आणला आणि रेसची डर्बी अमेरिकेच्या चालीवर म्हणतोय. मीही इथे राहायला आले तेव्हा डर्बीच म्हणत होते. बस ड्रायव्हरला काही फरक पडला नाही.

गावाचं हे नाव डेन्मार्ककडून आलेल्या डेन लोकांनी दिलेलं. नवव्या शतकात ते इथे येऊन बसले, त्याआधी सॅक्सन लोक या गावाला नॉर्थवर्दी म्हणत. शेवटचा 'बी' म्हणजे गाव, वस्ती. व्हिटबी, ग्रिम्सबी, सेल्बी ही नावं नकाशावर पाहिली तर डेन कुठवर पोचले होते ते साधारण कळतं. 917 साली सॅक्सन राजा आल्फ्रेडच्या मुलीने, एथलफ्लेडने, हे गाव लढून परत घेतलं. नाव मात्र शत्रूचंच ठेवलं! गावांची नावं बदलण्यावर आपल्याकडे केवढं रामायण होतं ते आठवून मला याची गंमत वाटते.

पहिल्या अर्ध्याचा अर्थ बहुतेक जण 'हरीण' सांगतात. शहराच्या बोधचिन्हातही कुंपणात बसलेलं हरीण आहे. काही अभ्यासकांना त्यात गावाजवळून वाहणाऱ्या डरवेंट नदीचा आवाज ऐकू येतो. शिवाय ज्या शब्दापासून इंग्रजीतलं हरीण आलं, त्या शब्दाचा जुना अर्थ नुसता 'जनावर' असा होता. आपल्या 'मृग'सारखंच. मृग म्हणजे हरीण हे आपण शाळेत शिकतो, पण मृगेंद्र असतो सिंह आणि शाखामृग म्हणजे चक्क माकड. तेव्हा हरणांचं गाव म्हणा किंवा जनावरांचं, मला दोन्ही चालतं.

घोडे मात्र यात कुठेच नाहीत. हे मी माझ्या मोठ्या मामांना कितीदा तरी सांगितलंय. मामा महालक्ष्मीच्या रेसकोर्सचे जुने भक्त. भाची डार्बीत राहते म्हणजे सकाळ-संध्याकाळ टापा ऐकत असणार, ही त्यांची समजूत काही जात नाही. मूळ डर्बी होते एप्समला, लंडनच्या दक्षिणेला. नाव पडलं ते बाराव्या अर्ल ऑफ डर्बी या सरदारावरून, आणि त्या घराण्याचा वाडा आहे लिव्हरपूलजवळच्या नोज्लीला. म्हणजे रेस इथली नाही, अर्लसाहेबही इथले नाहीत.

पहिली शर्यत 1780 सालची. रेसला नाव कुणाचं द्यायचं यावर अर्ल आणि त्यांचे मित्र सर चार्ल्स बनबरी यांच्यात नाणेफेक झाली, अशी कथा सांगतात. नाणेफेक अर्लने जिंकली, पण रेस जिंकली ती बनबरींच्या डायोमेड घोड्याने. नाणं उलटं पडलं असतं तर 1875 साली केंटकीत आणि 1943 साली मुंबईत 'बनबरी' सुरू झाली असती. मामांना हे ऐकवल्यावर ते म्हणाले, "बनबरी? बिस्किटाचं नाव वाटतं गं." मग लगेच यंदाच्या घोड्यांवर आले.

पुढे या नावाने कुणाला म्हणून सोडलं नाही. अमेरिकेत गोल टोपीला डर्बी, बुटांच्या एका घाटाला डर्बी, आणि फुटबॉलमध्ये एकाच भागातल्या दोन क्लबांची मॅच म्हणजेही डर्बी. माद्रिद असो, मिलान असो, कोलकात्यातली मोहन बागान–ईस्ट बंगाल असो.

आता डार्बीतच डर्बी झाली तर? होते. डर्बी काउंटी आणि शेजारचं नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांची. ब्रायन क्लफ हे दोन्हीकडचे दैवत. त्यांनी मॅनेजर म्हणून डर्बीला 1972 मध्ये आणि फॉरेस्टला 1978 मध्ये लीग जिंकून दिली. दोन शहरांना जोडणाऱ्या रस्त्याला नावही त्यांचंच, त्यामुळे ते कुणाचे जास्त या वादाला अंत नाही. माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा सहकारी नॉटिंगहॅमहून त्याच रस्त्याने येतो. पक्का फॉरेस्टवाला. मॅचच्या आठवड्यात त्याच्याशी बोलायचं ते फक्त कामापुरतं.