लघुगुरूंचे सर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची पत्रिका हातात पडली आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते आमचे मराठीचे सर. आचार्य अत्रे त्यांनीच आम्हाला दिले. सासवडजवळच्या कोडीतला १८९८ चा जन्म, राम गणेश गडकरी हे गुरू, कवितेसाठी टोपणनाव 'केशवकुमार'. एवढे सर दोन वाक्यांत उरकत आणि फळ्यावर लघुगुरूंच्या, म्हणजे ऱ्हस्वदीर्घ अक्षरांच्या, खुणा मांडायला लागत.

'झेंडूची फुले' हा अत्र्यांचा विडंबन कवितांचा संग्रह १९२५ मध्ये निघाला तेव्हा रविकिरण मंडळ या कवींच्या गटाच्या कवितेचा बोलबाला होता. सर बजावत, मूळ कविता पाठ नसेल तर विडंबनाला हात लावू नका. आधी वृत्त ओळखा, कवीचे लाडके शब्द वेगळे काढा, तोच थाट ठेवा आणि विषय तेवढा क्षुल्लक घ्या.

शाळेच्या हस्तलिखित अंकासाठी आमच्यातल्या एकाने विडंबनाला भुजंगप्रयात निवडला. मनाच्या श्लोकांचे वृत्त ते: चार 'य' गण, म्हणजे लघु-गुरू-गुरू असे चारदा, बारा अक्षरे. त्याची ओळ होती, 'मला भूक लागली, कुठे तो वडा रे'. कोणी हसले नाही. सरांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला, तो 'लागली'पाशी अडला. अक्षरे तेरा झाली होती. 'लागे' कर, म्हणाले. 'मला भूक लागे, कुठे तो वडा रे!' रामदासी चालीत वडा आला आणि अख्खा वर्ग हसला. ठेका चुकला की वाचक चूक बघतो, वडा नाही, हे सरांनी तिथेच सांगितले.

अत्रे पुण्यात मुख्याध्यापक होते, लंडनला जाऊन अध्यापनाची पदविका घेऊन आले. पुढे १९४० मध्ये 'नवयुग' साप्ताहिक, १९५६ मध्ये दैनिक 'मराठा'. संपादक झाला तरी माणूस मास्तरच राहिला, असे सर अभिमानाने म्हणत, आणि हस्तलिखित त्याच शिस्तीने तपासत. लेखाचा पहिला परिच्छेद बहुतेक वेळा जायचा, कारण त्यात मुलगा नुसता घसा साफ करत असतो. विनोद समजावून सांगणारे वाक्य आणि त्यामागचे उद्गारचिन्ह दोन्हींवर लाल पेन्सिल. ऱ्हस्वदीर्घाची चूक तर अजिबात चालत नसे; वृत्तात तिने मात्राच बदलते.

आता हस्तलिखित बंद झाले, वृत्ते कोणी मोजत नाही. फार वाईट वाटते. वाचनालयाच्या कपाटात ते जुने अंक असतील तर महोत्सवात जरूर मांडा, लाल खुणांसकट.